राखलेली जागा

थंडी ही चैनीची वस्तू आहे, असे मला वयाच्या सदतिसाव्या वर्षापर्यंत अगदी प्रामाणिकपणे वाटत होते.

पुण्यातल्या माणसाला दुसरे काय वाटणार? आमच्याकडे थंडी येते ती पाहुणीसारखी. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानाच्या वेळी ती दारात येऊन उभी राहते, संक्रांतीला तिळगूळ खाते आणि होळीला शेवटचे हात शेकून आपल्या वाटेने निघून जाते. तेवढ्या मुक्कामात तिचे कोण कौतुक! डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट स्वेटर बाहेर निघतात, पहाटे पर्वतीवर गर्दी होते, कोणीतरी हुरड्याचे निमंत्रण देतो आणि महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात दरवर्षी नव्याने छापून येते. मी तर पडलो मराठीचा प्राध्यापक. ‘गुलाबी थंडी’ हे शब्द मी वर्गात किती वेळा उच्चारले असतील याचा हिशेब नाही. पण २०१५ सालचा हिवाळा मी बॉस्टनमध्ये काढला आणि तेव्हापासून त्या ‘गुलाबी’पाशी माझी जीभ अडखळते ती अडखळतेच.

झाले असे की, आमच्या हिला तिथल्या एका प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी संशोधनाचे काम मिळाले. मी कॉलेजातून वर्षभराची बिनपगारी रजा घेतली आणि आठ वर्षांच्या मुलीला घेऊन हिच्याबरोबर निघालो. नवऱ्याच्या बदलीबरोबर बायको गावोगाव हिंडते, त्यात कोणाला काही नवल वाटत नाही. पण बायकोच्या नोकरीमागे नवरा निघाला म्हटल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप क्षणभर हवेतच थांबले. “म्हणजे आता भांडी घासायला चाललात म्हणायचं!” एक ज्येष्ठ सहकारी हसत हसत म्हणाले. मीही हसलो. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरणार आहे, हे तेव्हा मला कुठे ठाऊक होते?

जमैका प्लेन नावाच्या भागात एका तिमजली लाकडी घराचा मधला मजला आम्ही भाड्याने घेतला. वरच्या मजल्यावर दोन विद्यार्थी, खालच्या मजल्यावर एक एकटे म्हातारे गृहस्थ. हे पोस्टमन म्हणून निवृत्त झाले होते. ऑगस्टमध्ये आम्ही तिथे गेलो आणि जानेवारी उजाडला तरी या शेजाऱ्यांशी ‘कसं काय’पलीकडे आमचे बोलणे गेले नव्हते. ही सकाळी आठला बाहेर पडे ती सात वाजता परत येई. मुलगी शाळेत जाई. मी भांडी घाशी, भाजी चिरी आणि खिडकीतून रस्ता पाही. पुण्यात मी ‘सर’ होतो. चौकातल्या वाण्यापासून परीक्षा-विभागाच्या कारकुनापर्यंत दहा जण मला ओळखून नमस्कार करीत. इथे मी पायरीवरून घसरून पडलो असतो तरी कोणी माझे नाव घेऊन हाक मारली नसती, कारण ते कोणाला माहीतच नव्हते.

थंडी मात्र सुरुवातीला बेताची होती. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जेमतेम पाचसहा इंच बर्फ पडला होता. “इतकं काही नाही गं,” मी फोनवर आईला ऐटीत सांगितले, “तू विणून दिलेल्या स्वेटरवर भागतं.” वडीलधाऱ्यांसमोर असे बोलू नये म्हणतात, ते उगाच नाही.

२६ जानेवारीच्या संध्याकाळी बर्फ पडू लागला. आपला पाऊस कसा वाजतगाजत येतो! पत्रे बडवतो, पन्हाळी दणाणून सोडतो, अंगणातल्या वाळवणाची धांदल उडवून देतो. बर्फाला आवाजच नाही. उलट तो असलेले आवाज गिळून टाकतो. रात्री मला जाग आली ती गलक्याने नव्हे, शांततेने. खिडकीशी उभा राहून मी पाहत होतो आणि मनाशी शब्द जुळवीत होतो. आपण मराठीत सगळ्यालाच ‘बर्फ’ म्हणतो. रसवंतीगृहातली भुश्यात गुंडाळलेली लादी तीही बर्फ आणि आभाळातून कापसासारखे भुरभुरत येते तेही बर्फच. शब्दही मूळचा आपला नव्हे, फारसीतून आलेला. ‘हिम’ हा शब्द आहे, पण तो पुस्तकातला. त्याच हिमाचे घरगुती रूप म्हणजे आपले ‘हीव’ आणि त्यावरून ‘हिवाळा’. म्हणजे ज्या शब्दाच्या पोटात हिम आहे तो शब्द मी जन्मभर वापरीत होतो आणि हिम मात्र त्या रात्री पहिल्यांदा पाहत होतो.

दुसऱ्या दिवशीही दिवसभर तो कोसळत राहिला. थांबला तेव्हा २४.६ इंच भरला होता. मुलीच्या शाळेला सुट्टी, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आम्ही तिघांनी बर्फाचा मारुती केला, त्याला गाजराचे नाक लावले नि शेपटी तेवढी जमेना म्हणून घरातल्या झाडूची लावली. मौज संपली ती तिथेच. कारण त्यानंतर जवळजवळ आठवड्याला एक, या हिशेबाने वादळे येऊ लागली. उत्तरेकडची कोरडी गार हवा आणि अटलांटिक समुद्रावरची दमट हवा यांची त्या किनाऱ्यावर गाठ पडली की अशी वादळे उठतात, हे तिथे नवे नाही. एरवी दोन वादळांच्या मधे चार दिवस ऊब येते आणि बर्फ निम्माशिम्मा वितळतो. त्या वर्षी ऊब आलीच नाही. फेब्रुवारीचे सरासरी तापमानच शून्याखाली सात अंश राहिले आणि त्या एका महिन्यात ६४.८ इंच बर्फ पडला. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा. पदपथांच्या कडेचे ढीग माझ्या डोक्यावर गेले. छपरांच्या कडांना गोठलेल्या पागोळ्या माणसाच्या उंचीएवढ्या लोंबू लागल्या. हौशी लोक खिडक्यांतून ढिगाऱ्यात उड्या मारू लागले, तेव्हा खुद्द महापौरांनी त्यांना दटावले.

आता त्या खुर्चीची गोष्ट सांगायला हवी. सांगताना अजूनही कान गरम होतात.

बॉस्टनचे लोक घर सोडताना चांगले चांगले सामान पदपथावर ठेवून जातात, आणि ज्याला हवे तो ते नेतो. आमचे जेवणाचे टेबल असेच आम्हाला सप्टेंबरात मिळाले होते. तेव्हा पहिल्या वादळानंतर दोनच दिवसांनी आमच्या घरासमोर रस्त्याच्या कडेला एक हिरवी लाकडी खुर्ची एकटीच उभी दिसली, तेव्हा माझ्यातला काटकसरी पुणेकर जागा झाला. मी ती उचलली, पुसली आणि खिडकीशी ठेवून ऐसपैस वाचत बसलो.

ही संध्याकाळी आली, खुर्ची पाहिली आणि दारातच थबकली. “अहो, ही कुठून आणलीत?”

“रस्त्यावर पडली होती.”

“पडली नव्हती हो, ठेवली होती! कोणाची तरी जागा आहे ती!”

तिला तिच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी सांगितले होते ते असे. वादळानंतर आपली मोटार बर्फातून उकरून काढायला दोनदोन तास लागतात. जो ते काम करतो त्याने मोटार घेऊन जाताना त्या मोकळ्या जागेत खुर्ची, बादली, मोडकी इस्त्रीची फळी, काहीही ठेवावे. परत येईपर्यंत ती जागा त्याची. नगरपालिकाही बर्फाची आणीबाणी उठल्यावर अठ्ठेचाळीस तास हा रिवाज चालू देते. हे ऐकले मात्र, आणि माझ्या डोळ्यांसमोर स्वारगेटचा स्टँड उभा राहिला. एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल! तो रुमाल उचलून खिशात घालणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? मी नेमके तेच केले होते. खिडकीतून पाहिले तर त्या जागेत कोणा परक्याची मोटार आरामात विसावली होती.

खुर्ची खालच्या आजोबांची होती. ती काखोटीला मारून मी त्यांचे दार वाजवले आणि इंग्रजीत क्षमा मागण्याचे जेवढे म्हणून प्रकार मला येत होते ते सगळे एकापाठोपाठ एक वापरले. आजोबांनी ऐकून घेतले. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. माझ्या पायांतल्या कापडी बुटांकडे बघत म्हणाले, “उद्या सकाळी सहा वाजता खाली या. आणि हे बूट घालून येऊ नका.”

अशा रीतीने मी शिकवणीला लागलो. फावडे भरून उचलायचे नाही, आधी ढकलायचे. उचलायचेच तर थोडे, आणि कमरेतून न वाकता गुडघ्यांतून. वाऱ्याच्या तोंडावर फेकायचे नाही, नाहीतर फेकलेले आपल्याच तोंडावर येते. आपल्या मोटारीआधी आग विझवण्याच्या पाण्याचा नळ मोकळा करायचा, कारण आग आपल्या सोयीने लागत नाही. मग घराच्या मागच्या भिंतीतून बाहेर आलेली नळी. घर तापवणाऱ्या भट्टीचा धूर त्या नळीतून जातो. ती बुजली तर विषारी वायू घरात साठतो आणि माणसे झोपेतच जातात. त्यानंतर पायऱ्या, पदपथ, त्यावर मीठ. पंधरा वर्षे दुसऱ्यांना शिकवल्यावर मी पुन्हा पहिल्या बाकावर बसलो होतो.

काम करता करता आजोबा १९७८ सालच्या फेब्रुवारीतल्या मोठ्या वादळाच्या गोष्टी सांगत, महामार्गावर हजारो मोटारी कशा अडकून पडल्या होत्या त्याच्या. मीही एक दिवस माझ्याकडची गोष्ट काढली. याच बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने १८३३ साली ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून सुमारे १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला होता. तळ्यांवर गोठलेला बर्फ कापायचा आणि लाकडाच्या भुश्यात बांधून न्यायचा. चार महिन्यांच्या प्रवासानंतरही त्यातला सुमारे शंभर टन शाबूत पोचला. पुढे तो मुंबईला आणि मद्रासलाही जाऊ लागला. मद्रासचे बर्फघर तर अजून उभे आहे. आणि मुंबईत जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइसक्रीम दिले, तेव्हा यजमानासकट पाहुण्यांना पडसे झाले, अशीही एक हकीकत वाचायला मिळते. आजोबांनी फावड्यावर रेलून सगळे ऐकले आणि समोरच्या ढिगाकडे बोट करून म्हणाले, “मग न्या की एक जहाजभर. भुसा मी देतो.”

सकाळचा हा तास सोडला तर माझा दिवस मात्र जात नव्हता. शाळा सारखी बंद, मुलगी घरात किरकिरी, संध्याकाळी लवकरच अंधारून येई. पुण्याचे फोन आले की मी सगळे छान आहे म्हणून सांगे आणि फोन ठेवला की गप्प होई. ९ फेब्रुवारीच्या संध्याकाळी सात वाजता शहरातल्या सगळ्या आगगाड्या बंद केल्या. दुसरा दिवसही त्या बंदच राहिल्या. ही प्रयोगशाळेतून चालत निघाली. एरवी पाऊण तासाची वाट. तिला घरी यायला साडेनऊ झाले. तिच्या पापण्यांवर बर्फ होता. अडीच तास मी खिडकीशी उभा होतो. भीती ओसरली की तिचा राग होतो, तसे माझे झाले. मी नको नको ते बोललो. कोणासाठी हे सगळे, म्हणालो. माझी रजा, माझा पगार, माझे नाव, सगळे या बर्फाखाली पुरले गेले, म्हणालो. आणि महिनाअखेर मी मुलीला घेऊन परत जाणार, असे सांगून टाकले.

ती काही बोलली नाही. ओले मोजे पिळून तिने वाफेच्या नळकांड्यांवर वाळत घातले, आणि मुलीच्या अंगावरचे पांघरूण सारखे करायला निघून गेली. तिने एक शब्द जरी उलटून बोलला असता तरी मला बरे वाटले असते. पुढचे पाचसहा दिवस आम्ही एकमेकांशी दूध, पाव आणि मुलीचे हातमोजे एवढ्याच विषयांवर बोललो.

१४ आणि १५ तारखेला पुन्हा वादळ झाले. १६ तारखेची सकाळ त्या हिवाळ्यातली सर्वांत कडक असावी. श्वास घेतला की नाकातले केस ताठ होत. तो सोमवार सरकारी सुट्टीचा होता. मी सहाच्या आधीच जागा होऊन आजोबांच्या फावड्याची खरखर ऐकू येण्याची वाट पाहत पडलो होतो. सहा वाजले, सव्वासहा झाले, आवाज नाही.

“सुट्टी आहे, झोपले असतील,” ही अंधारातून म्हणाली. पाच दिवसांतले ते तिचे पहिले वाक्य.

“बर्फाला कुठे सुट्टी आहे?” म्हणत मी उठलो.

आजोबांच्या स्वयंपाकघरात दिवा जळत होता. दार वाजवले, उत्तर नाही. मागच्या बाजूला गेलो तर ते मागच्या पायऱ्यांच्या तळाशी पडलेले, फावडे बाजूला. ती धुराची नळी मोकळी करायला निघाले होते. शुद्धीवर होते, पण पाय हलवता येत नव्हता आणि ओठ निळे पडले होते. मी ओरडलो तो मराठीतच. ही वरून धावत आली. येताना तिने आईने शिवून दिलेली गोधडी आणली आणि ती त्यांच्याभोवती गुंडाळून तिने दवाखान्याच्या गाडीसाठी फोन केला.

गाडी लगेच आली, पण कोपऱ्यावरच अडली. बर्फ सारणाऱ्या यंत्राने आमच्या गल्लीच्या तोंडाशी छातीएवढा बांध घातला होता. मी आजोबांचे डोके मांडीवर घेऊन बसलो होतो. ही समोरच्या घरांच्या घंटा वाजवत सुटली. त्यानंतर जे झाले ते मी विसरणार नाही. एकेक दार उघडले. कोणी झोपेच्या कपड्यांवर कोट चढवलेला, कोणाच्या पायांत वेगवेगळे बूट. वरचे ते दोन विद्यार्थीही उतरले. पाच महिन्यांत ज्यांचे चेहरे मी पाहिले नव्हते अशी दहाबारा माणसे फावडी घेऊन त्या बांधाला भिडली. कोणी कोणाला काही सांगत नव्हते. पंधरा मिनिटांत वाट झाली आणि आजोबांना घेऊन गाडी गेली. मग आम्ही सगळे त्या गारठ्यात फावडी टेकून उभे राहिलो आणि त्यांनी मला माझे नाव विचारले.

आजोबांच्या खुब्याचे हाड मोडले होते. त्यांची भाची दुसऱ्या राज्यातून आली, आणि रोज सकाळी त्यांचीच मोटार घेऊन रुग्णालयात जाऊ लागली. ती गेली की मी खाली उतरून त्या मोकळ्या जागेत हिरवी खुर्ची ठेवी. रात्री बर्फ पडला की पहाटे जागा उकरी, पुन्हा खुर्ची ठेवी. दुपारी दोनदा खिडकीतून डोकावून बघे. चोरालाच राखणदार नेमावे म्हणतात, ते काही खोटे नाही! एकदा एक मोटार त्या खुर्चीपाशी घुटमळताना दिसली, तर मी खिडकी उघडून वर्गातल्या आवाजात अशी हाक घातली की बिचारा निमूट पुढे गेला.

फेब्रुवारी संपत आला तेव्हा एके रात्री भांडी पुसता पुसता हिने विचारले, “तिकिटांचं काय ठरलं?”

मी म्हणालो, “आत्ता कसं जाणार? खुर्ची कोण ठेवील?”

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसू लागली. हातातली बशी खाली ठेवून, खुर्चीत बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या हिवाळ्यात मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिले. खरे म्हणजे त्या हिवाळ्यात मी तिच्याकडे पहिल्यांदाच पाहिले, असे म्हणणे जास्त बरोबर होईल. रोज सकाळी निघून अंधारात परतणाऱ्या बाईची जागा घरात कोण राखत होते? मी तर नव्हतो. मी माझाच हरवलेला मान खिडकीशी बसून शोधत होतो.

मार्चमध्ये गंमतच झाली. जुना विक्रम १९९५-९६ सालचा १०७.६ इंचांचा होता आणि आकडा त्याच्या अगदी जवळ येऊन अडला. इतके दिवस बर्फाला शिव्या देणारे लोक आता आभाळाकडे आशेने पाहू लागले. एवढे सोसले, तर नाव तरी होऊ दे! १५ मार्चला आकडा १०८.६ वर गेला. एरवीच्या वर्षी तिथे त्रेचाळीसेक इंच पडतो. मी आजोबांना रुग्णालयात फोन केला. “मोडला का?” त्यांनी विचारले. मी म्हणालो, “मोडला.” “छान,” ते म्हणाले, “म्हणजे मी एकटाच मोडलो नाही.” एप्रिलमध्ये ते काठी टेकत घरी आले तेव्हा त्यांच्या मोटारीच्या जागेवर ऊन पडले होते आणि खुर्चीची गरज उरली नव्हती. ती तरीही मी तिथेच ठेवली होती. ते त्या खुर्चीवर बसले आणि बराच वेळ रस्ता पाहत राहिले.

कॉलेज सुरू होणार म्हणून जूनमध्ये मी मुलीला घेऊन परतलो. हिचे काम आणखी वर्षभर होते. जुलैच्या मध्यावर एका संध्याकाळी तिचा फोन आला. शहरातला बर्फ ट्रकांनी नेऊन समुद्राजवळच्या मोकळ्या जागेत टाकला होता, त्याचा पंचाहत्तर फुटी डोंगर झाला होता. तो १४ जुलैला संपला, असे नगरपालिकेने जाहीर केले होते.

“संपला एकदाचा हिवाळा,” ती म्हणाली. “तुमच्याकडे काय?”

आमच्याकडे पाऊस होता. पत्र्यावर ताशा वाजत होता आणि गॅलरीच्या कडेने पागोळ्या गळत होत्या, न गोठलेल्या, वाहत्या. मी फोन गॅलरीबाहेर धरला, तिला आवाज ऐकू यावा म्हणून. जेवणाच्या टेबलाशी तिची खुर्ची रिकामी होती. मुलीने तिच्यावर दप्तर ठेवले होते. मी ते उचलून बाजूला ठेवले.